दोघं बसली की उसळणारी गाडी

माझा मामा गेली चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली राहतोय. इंजिन, रंग, वायरिंग यातल्या कशालाच तो हात लावत नाही. गाडीचे गचके काढणं एवढंच त्याचं काम. सगळी गल्ली त्याला गचकेमामा म्हणते आणि त्यालाही त्यात काही गैर वाटत नाही.

गॅरेजच्या पुढच्या अंगाला काचेच्या दाराची एक खोली आहे. तिथे मामी सीट कव्हरं शिवते. सात वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून तिच्या कमरेतला मणका सरकला. तेव्हापासून झालंय असं की, कुठलीही गाडी मालकाच्या हवाली करण्याआधी मामा मामीला शेजारी बसवून एक फेरी मारतो. ती डोळे मिटून बसते आणि मध्येच म्हणते, "पुढचं डावं अजून बोलतंय." मग मामा मुकाट्याने गाडी वळवतो. तिची कमर खोटं सांगत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो. ते त्याच्या दृष्टीने कौतुकच असतं, मामी मात्र ते ऐकून मशीन जरा जोरात चालवते.

एका सकाळी गॅरेजच्या दारात एक लाल स्पोर्ट्स कार येऊन थांबली. दोनच सीटची आणि इतकी बुटकी, की मामाला आत कोण आहे ते बघायला वाकावं लागलं. आतून निघाल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पांढरे केस, पायात कापडी बूट. सगळे त्यांना बाई म्हणत, मामाही म्हणायला लागला. मुलं मार्गी लागल्यावर त्यांनी ही जुनी गाडी विकत घेतली होती, तीही घरात कुणालाही न विचारता.

त्यांची तक्रार साधी होती. गावात गाडी नीट चालायची. महामार्गावर वेग वाढला की उसळायला लागायची आणि थांबायचं नावच घ्यायची नाही. लेकीचं घर चार तासांवर. पहिल्याच प्रवासात शेजारी बसलेल्या यजमानांनी अर्ध्या वाटेत गाडी थांबवायला लावली, उतरले आणि पुढे बसने गेले. बाई मागोमाग एकट्या गाडी हाकत पोचल्या. दोन गॅरेजांनी टायर बदलले, हवा कमी केली, हवा जास्त केली. फरक शून्य.

मामाने गाडी लिफ्टवर घेतली. गचके झेलणारे चारही शॉकअप तेल गाळत होते. स्प्रिंगा मात्र नव्या कोऱ्या दिसत होत्या, काळा रंग चकचकीत. आधीच्या मालकानेच त्या बसवल्याचं बाईंनी सांगितलं. मामाने चारही शॉकअप नवे टाकले, चाकांची अलाइनमेंट केली आणि एकटाच महामार्गावर चक्कर मारून आला. गाडी पाण्यासारखी चालली. त्या दिवशी त्याने मामीला नेलं नाही. इतक्या बुटक्या गाडीत तिची कमर कशी वाकणार, असं त्याला वाटलं. त्याने तिला विचारलंही नाही, आणि ते तिला लागलं.

आठवड्याने बाई परत आल्या. या वेळी यजमान बरोबर होते, मानेला पट्टा लावलेले. उंच, शांत माणूस, नकाशे काढण्याचं काम केलेला. त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, "मला ही गाडी आवडते हो, पण तिला मी आवडत नाही."

मामाचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातची गाडी अशी परत आली नव्हती. किल्ली हातात धरून तो बराच वेळ गाडीभोवती फिरत राहिला. बाई म्हणाल्या, मी एकटी असते तेव्हा बरी चालते, हे शेजारी बसले की बिघडते. हे त्या जरा नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

काचेच्या खोलीतलं मशीन थांबलं. मामी बाहेर आली.

"मी बसते," ती म्हणाली.

मामाने कमरेचा विषय काढला. मामीने तो पुरता ऐकूनसुद्धा घेतला नाही. ती गाडीकडे पाठ करून उभी राहिली, सीटवर आधी टेकली आणि मग गुडघे जोडून दोन्ही पाय एकदम आत फिरवले. समोरचा टायरवाला दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होता, पण बघत होता.

महामार्गाचं काँक्रीट लागलं आणि गाडी उसळायला लागली. मामाने वेग कमी करायला घेतला, तर मामी म्हणाली, "नको, असाच राहू दे." तिने एका हाताने दाराची मूठ धरली होती आणि डोळे मिटले होते. मामा रस्त्याकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त बघत होता, म्हणून तिने डोळे न उघडताच त्याला पुढे बघायला सांगितलं. तीन-चार किलोमीटरनंतर तिने निकाल दिला.

"मागचं आहे. खाली जाताना नीट जातंय, मग कशावर तरी आपटतंय आणि वर फेकतंय. चेंडूवर बसल्यासारखं."

चेंडू म्हणजे रबर. शॉकअपच्या दांडीवर वरच्या टोकाला रबराचा एक ठोकळा असतो. फार मोठा खड्डा आलाच तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. रोजच्या चालण्यात गाडी तिथवर पोचायलाच नको. पोचते की नाही ते बघायचं कसं, असं मामा परत येताना स्वतःशीच बोलत होता. मामीने सीट कव्हरं शिवायचा जाड दोरा सुचवला. दांडीला घट्ट बांध, गाडी दबेल तसा तो वर सरकेल, जिथे थांबेल तिथपर्यंत ती दबली.

मामाने दोरे बांधले आणि दोन फेऱ्या मारल्या. एकट्याने मारलेल्या फेरीत दोरे रबरापासून बोटभर खाली थांबले. मामीला घेऊन मारलेल्या फेरीत ते रबराला चिकटून चेपले होते.

मग त्याने मागच्या स्प्रिंगा बाहेर काढल्या. शॉकअप बदलताना त्या काढायची गरज पडली नव्हती. गाडी बुटकी दिसावी म्हणून कुणीतरी त्यांचं दीड दीड वेटोळं कापून टाकलं होतं आणि कापलेल्या टोकावर रंग फासला होता. एका माणसाचं वजन त्या कशाबशा पेलायच्या. दुसरा बसला की गाडी रबरावर जायची.

बाईंना त्याने सगळं खरं सांगितलं. स्प्रिंगा काढून बघायला हव्या होत्या, रंगाला भुललो, हेही सांगितलं. मूळ मापाच्या स्प्रिंगा मागवायला आठ दिवस लागतील आणि गाडी दोन बोटं उंच होईल, आत्तासारखी रुबाबदार दिसणार नाही.

"मला कुठे ती दिसते?" बाई म्हणाल्या. "मी आत असते."

नव्या स्प्रिंगा बसल्यावर मामा स्वतःहून काचेच्या खोलीत गेला. त्याने सीटवर ठेवायला घडी करून आणलेलं ब्लँकेट पुढे केलं. मामीने ते मशीनवर ठेवलं आणि तशीच गाडीत जाऊन बसली. दहा किलोमीटर जाईपर्यंत ती काहीच बोलली नाही. शेवटी मामाला राहवलं नाही. त्याने विचारलं, तर ती म्हणाली, "आता गाडी बोलतच नाही, मी काय सांगू?"

रविवारी बाईंचा लेकीच्या घरून फोन आला. सांगण्यासारखं विशेष काही घडलं नव्हतं. निम्म्या वाटेत यजमानांना झोप लागली होती आणि टोलनाक्यावर सुट्टे पैसे मागण्यासाठी त्यांना उठवावं लागलं होतं. एवढंच. मामाने हे मला त्या आठवड्यात तीनदा सांगितलं.

परतल्यावर बाई गॅरेजवर आल्या, पण मामाकडे त्यांचं काम नव्हतं. त्या काचेच्या खोलीत गेल्या आणि मामीला म्हणाल्या, कमर बाजूला ठेवून एकदा नुसतं फिरायला चला. मामीने मशीनवर कापड टाकलं आणि केस पुसट आरशात बघून नीट केले. दोघी गेल्या. मामा दीड तास दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता, एकीकडे हातातला पाना उगाच पुसत.

मामी परत आली ती विस्कटलेल्या केसांनी आणि लाल झालेल्या गालांनी. मामाने लगेच मागच्या चाकांची चौकशी केली.

"ते बघितलंच नाही," ती म्हणाली. "समुद्रापर्यंत गेलो होतो."