आण्णांच्या पायावरचं उभं पाणी

गाव सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडच्या पायरीवरून घसरून मी गुडघा फोडून घेतला. आईनं शेजारच्या हॉटेलातून चिमूटभर हळद मागून आणली, गुडघ्यावर दाबली आणि म्हणाली, "झाकू नको. वारं लागू दे, सुकंल." वडील, म्हणजे आमचे आण्णा, गवंडी. थापी पिशवीत घेऊनच मला सोडायला आले होते, तिथूनच कामावर जायचं होतं. बस हलली तसे खिडकीला हात लावून म्हणाले, "मागल्या भितीचा गिलावा करून ठिवतो. तू येशील तवा घर घरासारखं दिसंल."

गावभर भिंती गुळगुळीत करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराला मागून नुसत्या विटा. मी सुट्टीला जात राहिले, विटा तशाच. लोकांची कामं आधी.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मोठ्यानं सांगते. एम.एस्सी. केलं. आता अंधेरीच्या एमआयडीसीत, जखमेवर लावायची जेलची पट्टी बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत केमिस्ट आहे. राहते दिंडोशीला, वन आरकेत. गावाकडची तुम्ही माणसं विचारता, पोरगी करते काय? कोळंबीच्या सालांपासून पट्टी करते म्हटलं की हसता. हसा. मलाच अजून खरं वाटत नाही, तिथं तुमचं काय.

वर्सोव्याला कोळंबी सोलून टाकतात, त्या ढिगाजवळून जाताना रिक्षावालाही नाक धरतो. तीच सालं धुवून, शिजवून, त्यातला चुना काढून टाकला की शेवटी पांढरी पूड उरते. ती जराशा आंबट पाण्यात विरघळवायची. तिला समुद्रातल्या शेवाळाच्या अर्काची जोड द्यायची. प्रमाण जमलं की एका क्षणी भांड्यातलं पाणी वाहायचं थांबतं. जवळजवळ सगळं पाणीच असतं ते, पण उभं राहिलेलं. बोटानं दाबलं की थरथरतं, उचललं की हातात येतं, आणि त्यातून पलीकडचं सगळं दिसतं.

गेल्या वर्षी आण्णांच्या पायात, अंगठ्याच्या मुळाशी, सळई घुसली. शुगर असल्यामुळे दुखलंच नाही. हळद झाली, राख झाली, उन्हात बसणं झालं. जखम काळी पडली तेव्हा मी त्यांना इकडे घेऊन आले. डॉक्टरांनी मेलेलं मांस काढलं आणि सरळ सांगितलं, भरली तर ठीक, नाही तर अंगठा काढावा लागेल. अंगठा नसला की परांचीवर तोल राहत नाही. आण्णांनी पाय तेवढा चादरीखाली ओढून घेतला.

साखर ताब्यात ठेवायची, पायावर भार द्यायचा नाही आणि जेलची पट्टी लावायची, असं डॉक्टरांचं सांगणं. पट्टीचं ऐकून माझी छाती फुगली. पण जखम काही भरेना. शेवटी समोरच्या सावंतकाकूंनी मला जिन्यात गाठलं. "अगो, तुझो बापूस रोज पाय वाळत घालता. बोंबील वाळवतत तसो."

मी घरात जाऊन विचारलं. आण्णा शांतपणे म्हणाले, "आत वलं लागतंय. वलं ऱ्हायलं की सडतं. पू आला वाटलं, म्हणून पुसून घेतो आन् जरा ऊन देतो."

जिच्यावर माझं पोट आहे, ती वस्तू माझे वडील फडक्यानं पुसून काढत होते. मी पेशींबद्दल सांगायला लागले. आण्णा साइटवरच्या इंजिनिअरचं ऐकतात तसं ऐकत होते, म्हणजे ऐकतच नव्हते. मग मी विचारलं, "आण्णा, ताज्या गिलाव्याला ऊन देता का?"

"येडी का काय? तडे जातील."

"मग काय करता?"

"वली गोणपाटं लावायची. पानी मारत ऱ्हायचं. आतून धरला पायजे त्यो." बोलता बोलता थांबले. पायाकडे बघितलं. "मग आदी सांगायचं ना, ह्ये गोणपाट हाय म्हणून. मला वाटलं, आवशीद हाय."

त्या दिवसापासून आण्णांचा पट्टीला हात नाही. आणि मग जे झालं ते, पट्टी बनवणारी म्हणून माहीत असूनही, मी डोळे फाडून बघत राहिले. नवी कातडी मधे उगवत नाही. कडेनं येते, गुलाबी, ओलीवरून सरकत सरकत. जेलमधून सगळं दिसायचं. आण्णा चष्मा लावून दुसऱ्या गवंड्याचं काम तपासावं तसे बघायचे. "ह्या कोपऱ्याला धरलंय. झकास." हा शब्द त्यांनी दिंडोशीत उचललेला. एकदा म्हणाले, "ज्याच्या कवचाची ही पट्टी, ते दिसतं तरी कसं?" काकूंनी बाजारातून आणलेली एक कोळंबी त्यांच्या तळहातावर ठेवली. समुद्र कधी न बघितलेल्या माणसानं ती किती तरी वेळ उलटून पालटून बघितली. "एवढुशी हाय की गं," म्हणाले, आणि जपून परत दिली.

अंगठा राहिला. डॉक्टरांनी दिलेले मऊ बूट घालून आण्णा गावी गेले, आणि काम करायची परवानगी मिळाल्यावर पहिली परांची बांधली ती आमच्याच घरामागे.

इतकी वर्षं घर आठवलं की मला मागच्या त्या उघड्या विटा दिसायच्या. वाटायचं, आपण निघून आलो आणि ते तसंच राहून गेलं. आता आई सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीवर पाणी मारते. परवा फोनवर म्हणाली, "भित वली हाय आजून. सुकायच्या आत येऊन जा."

गुडघ्यावरचा माझा वण अजून खडबडीत आहे. रजा टाकली आहे. गेल्या गेल्या आधी घरामागे जाणार आणि तिथं तळहात टेकून उभी राहणार, ओल हाताला लागेपर्यंत.