एव्हान्थियाचा पांढरा रंग

ईस्टर जवळ आला की माझी बायको एव्हान्थिया हातात ब्रश घेते. अंगणाची भिंत, पायऱ्या, लिंबाचा बुंधा, सगळं पांढरंशुभ्र करून सोडते. त्या आठवड्यात मीही एका जागी फार वेळ बसत नाही, न जाणो माझ्यावरही ब्रश फिरायचा.

यंदा नेमके तेव्हाच आमच्या जुन्या गाडीचे पुढचे दिवे मिणमिणायला लागले. मी बल्ब बदलले, फ्यूज बदलले, गाडीला शिव्या घातल्या. फरक शून्य! आता सगळं वायरिंग उपसावं लागणार असं वाटलं. शेवटी बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक सुटी वायर थेट दिव्याला जोडली, तर दिवा लख्ख! म्हणजे बिघाड फक्त अर्थिंगचा होता. अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जिथे आवळलेली असते तिथला बोल्ट उघडला. खाली जाड पांढरा रंग. त्यातून वीज जाणार कशी?

"एव्हान्थिया!"

"ओरडतोस कशाला? गंजलं होतं. बोल्ट काढला, खाली दोन हात दिले, परत बसवला. सणाला कुणी बोनेट उघडून बघितलं तर?"

"सणाला बोनेट कोण उघडतं, बाई?"

"तू उघडलंसच ना?"

मी रंग खरवडला, बोल्ट आवळला आणि बटण दाबलं. तिन्हीसांजेच्या अंगणात दोन्ही दिव्यांचा झगझगीत उजेड पडला. मला इतकं हलकं वाटलं की तिला मिठीच मारणार होतो.

पण ती उजेडातल्या भिंतीकडे टक लावून बघत होती.

"अगं बाई, तो कोपरा राहिलाच की! दिवे चालू ठेव, मी ब्रश आणते."