हातमोज्यांचा घोर

फवारणीच्या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नसतो. नवरा पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरला की संध्याकाळपर्यंत मी दहादा फाटकाशी जाऊन येते. यंदा भांडून भांडून त्याला रबरी हातमोजे घ्यायला लावले आणि ते धुण्याचं काम मीच अंगावर घेतलं. अंगणाच्या कोपऱ्यात त्यासाठी वेगळं घमेलं, वेगळा साबण. वाळवायचे सावलीत, कारण उन्हात रबर तडकतं. मोजे दोरीवर लटकले की मगच मला भाकरी गोड लागायची.

परवाही त्याने आल्याबरोबर ओले मोजे माझ्या हातात दिले. रोज धुऊनही त्यांचा वास जात नव्हता, म्हणून या वेळी धुण्याआधी एक उलटा करून बघितला. आतून कोरडा ठणठणीत. दिवसभर उन्हात फवारणारा माणूस, आणि मोज्यात घामाचा टिपूस नाही?

"घातले होते का हे?" मी ओरडलेच.

तो खाली बघत म्हणाला, "मोजे घातले की पंपाच्या नोझलातला कचरा निघत नाही."

"मग रोज ओले कायले आणता?"

"तुले घोर लागते ना. म्हणून येताना औषधाच्या पाण्यात वरवर बुडवून आणतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मोजे त्याच्या अंगावर फेकायला हात उचलला आणि तसाच राहिला. औषधाचं पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळत होतं. अख्खा हंगाम मी ते मोजे उघड्या हातांनी धूत होते.