सुलोचना बाहेर उभी आहे

माझ्या चुलतसासऱ्यांइतकी लग्नं अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसऱ्या कुणी पाहिली नसतील, आणि त्यांच्याइतकी अर्धवटही कुणी पाहिली नसतील. बदलापुरात बेलवलीला राहणारा हा गृहस्थ वरातीची घोडी बाळगून आहे. नवरदेव घोडीवर चढला की लग्न सुरू आणि मांडवाच्या कमानीशी उतरला की लग्न संपलं, एवढीच त्यांची विवाहसंस्थेशी ओळख. अंतरपाट, मंगलाष्टकं, जिलेबी वगैरे गोष्टी कमानीपलीकडे घडतात असं ते ऐकून आहेत. उल्हासनगरच्या सिंधी लग्नांपासून वांगणीच्या फार्महाऊसवरच्या लग्नांपर्यंत शेकडो नवरे त्यांनी कमानीपर्यंत सुखरूप पोचवले. पुढं त्यांचं काय झालं याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

माणसं ते घोडीच्या पाठीवरून ओळखतात. अंबरनाथच्या बाजारात एकदा एका भारदस्त गृहस्थांकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, "तो बगा, डावीकडं कलणारा." गृहस्थांनीही ओळखलं आणि कोथिंबिरीची जुडी तशीच टाकून ते दुसऱ्या गल्लीत शिरले. मीही माझ्या लग्नात याच घोडीवर बसलो होतो. मी उतरल्यावर काकांनी माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आपल्या थोरल्या भावाला, बाजूला घेऊन निकाल सांगितला होता, "पोरगा लगाम सोडीत नाय. पोरीला जपंल. पन बोलनार नाय जास्त." बायको हा निकाल मला वर्षातून दोनदा तरी ऐकवते, आणि मी त्यावर काही बोलत नाही, त्यामुळे तो दर वेळी खरा ठरतो.

डीजेच्या भिंती आल्यापासून काका वरातीआधी घोडीच्या कानांत कापसाचे बोळे घालतात. तिला एकटीला बहिरं ठेवणं बरं दिसत नाही म्हणून स्वतःच्याही कानांत घालतात. तिचे बोळे ते आठवणीनं काढतात, स्वतःचे विसरतात. त्यामुळे लग्नसराईत त्यांच्याशी काही बोलायचं तर हातवारे करावे लागतात. काकूंनी तर अशा किती दुपारी सगळं भांडण नुसत्या हातांनी केलेलं आहे.

घोडीचं नाव सुलोचना. या नावामागे एक इतिहास आहे आणि तो काकांच्या स्वतःच्या लग्नातला आहे. हे एकच लग्न त्यांनी कमानीच्या आत जाऊन पाहिलं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा काकांनी मोठ्या हौसेनं "सुलोचना" असं लिहिलं. काकूंनी ते वाचलं, तळहातानं तांदूळ सारखे केले आणि म्हणाल्या, "मला हाय नाव." भटजींनी घाईनं पुढचा विधी घेतला. पण ठरवून ठेवलेलं नाव असं वाया जावं हे काकांना लागून राहिलं. पुढं पुष्कळ वर्षांनी पांढरीशुभ्र शिंगरी घरी आली, तेव्हा त्यांनी ते शिल्लक नाव तिला दिलं. तेव्हापासून काकूंनी घोडीला कधी नावानं हाक मारली नव्हती. "ती जेवली का?" "तिला बांधली का?" असंच चालायचं. तिचं खाणंपिणं, खरारा, आजारपण सगळं काकू करायच्या. नाव मात्र तोंडातून निघत नव्हतं.

कामानं सुलोचनेलाही एक सवय लागली होती. कमान दिसली की ती पाच पावलं अलीकडे थांबते. तेरा वर्षं तिचं काम तिथंच संपत आलं होतं. आता बदलापुरात इमारतीच्या आधी कमान बांधतात, त्यामुळे संध्याकाळी तिला फिरवायला नेलं की बेलवलीतल्या प्रत्येक कॉम्प्लेक्सपुढे दोन-दोन मिनिटांचा मुक्काम होतो. वॉचमन आता खुर्चीवरून उठतही नाहीत. काकांना यात तिचा सुसंस्कृतपणा दिसतो. "बोलवल्याबगर कुनाच्या दारात जात नाय ती," असं ते आमच्या काही नातेवाइकांकडे बघत म्हणतात.

एका गोष्टीचा मात्र त्यांना फार राग होता. "पत्रिकेत सगल्यांची नावं असतात," ते म्हणायचे. "मामाचं, आत्याचं, अजून बोलता न येनाऱ्या पोरांचं. बँडवाल्याचं नाव ढोलावर असतं. हिचं नाव तेरा वर्सांत कुनी इचारलं नाय. सगले वर बसलाय त्याला बगतात." म्हणून मुरबाडच्या पुढं भरणाऱ्या जत्रेत घोड्यांचं प्रदर्शन असतं आणि तिथं एकेका घोड्याचं नाव लाउडस्पीकरवरून पुकारतात, हे कळल्यावर त्यांना चैन पडेना. बक्षिसाची अपेक्षा नव्हती. सुलोचनेचं वय झालं होतं, गुडघे धरत होते, ही तिची शेवटचीच लग्नसराई. ती संपण्याआधी चार लोकांत तिचं नाव पुकारलं जावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांनी स्वतः जाऊन नाव नोंदवलं आणि "स्पेलिंग नीट लिवा" असं मराठीत लिहिणाऱ्या माणसाला बजावून आले.

जत्रेच्या दिवशी सकाळी आम्ही चौघं तयार होतो. काका, काकू, माझी बायको आणि कारण नसताना मी. घोडीच्या शेपटीला मेंदी लावली होती आणि ती आपल्या डब्यातली आहे हे काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. टेम्पो काकांनी उल्हासनगर कॅम्प एकमधल्या ओळखीच्या एका फर्निचरवाल्याकडे फोनवर सांगितला होता. आला तो तीनचाकी, फळ्यांचा, जेमतेम कपाट मावेल एवढा. फर्निचरवाला स्वतः चालवत आला होता. खाली उतरून त्यानं विचारलं, "साईं, घोडी किधर है? बांध लेते हैं ऊपर."

"ही काय," काका म्हणाले.

त्यानं सुलोचनेकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मैं समझा पेंटरवाली घोडी! रंग लगाने का सीढी! फोन पे आप बोले सफेद है, पुरानी है, पर मजबूत है!"

सुलोचना त्याला रंगाऱ्याची शिडी वाटली, याचा काकांना राग आला. पण "पुरानी" हा शब्द आपण वापरला होता हे काकूंसमोर उघड झालं, त्यानं ते जास्त ओशाळले. मग तो परत उल्हासनगरला गेला आणि मोठा टेम्पो घेऊन आला. यात दोन तास गेले. मोठ्या टेम्पोत मुरबाडला पोचवायचा एक नवा कोरा सोफा होता. तो उतरवायला वेळ नव्हता, म्हणून सोफा पुढं, घोडी मागं अशी व्यवस्था झाली. काकू आणि माझी बायको प्लास्टिकसकट सोफ्यावर बसल्या, काका घोडीच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले आणि मला ड्रायव्हर झालेल्या फर्निचरवाल्याशेजारी जागा मिळाली.

बारवी धरणाच्या रस्त्यानं तासाभराचा प्रवास. आम्हाला तीन तास लागले. दर स्पीडब्रेकरला काका केबिनवर थापा मारायचे, टेम्पो थांबायचा, काका घोडीला विचारायचे आणि मग टेम्पो पुढं जायचा. एका वळणावर घोडीनं सोफ्याचं प्लास्टिक खायला घेतलं तेव्हा काकूंनी इतक्या जोरात "अगं ए!" केलं की समोरून येणारा एक मोटारसायकलवाला बाजूला घेऊन थांबला. मुरबाडला सोफ्याचा मालक हौसेनं दारात उभा होता. त्याच्या सोफ्यावरून आधी काकू उतरल्या, मग बायको उतरली, मग मागून घोडीनं तोंड बाहेर काढलं. त्यानं सोफ्याच्या चावलेल्या प्लास्टिकवरून हात फिरवला आणि तो सरळ घरात निघून गेला.

जत्रेच्या मैदानापाशी पोचेपर्यंत दुपार टळत आली होती. आत प्रदर्शन सुरू झालं होतं, लाउडस्पीकर गरजत होता. काकांनी लगबगीनं घोडीच्या कानांत कापूस घातला, स्वतःच्या कानांत घातला, फेटा सारखा केला आणि लगाम धरून निघाले. मैदानाच्या तोंडाशी भली मोठी कमान होती. झेंडूच्या माळा, वर "हार्दिक स्वागत".

सुलोचना पाच पावलं अलीकडे थांबली.

काकांनी चुचकारलं, चणे दाखवले. ड्रायव्हरनं मागून "चलो माताजी" म्हणून पाहिलं. तिला उलटी फिरवून मागच्या मागं नेण्याचाही एक प्रयत्न झाला, पण ती जागच्या जागी पुन्हा फिरून कमानीकडे तोंड करून उभी राहिली. ट्रक आत सोडायला मागं एक वाट आहे, असं मी सुचवलं. काकांना हातवारे करून सांगावं लागलं. त्यांना ते कळलं आणि ते माझ्यावर उखडले. "सुलोचना मागल्या दारानं जायाची नाय."

तेवढ्यात लाउडस्पीकरवर आवाज आला, "यानंतर सुलोचना. मुक्काम बेलवली, बदलापूर." माझी बायको काकांना हलवून हलवून वर बोट दाखवू लागली. काकांनी वर आकाशात पाहिलं. कापूस काढेपर्यंत नाव पुकारून झालं होतं. तेरा वर्षं ज्यासाठी जीव टाकला ते त्यांना ऐकूच आलं नाही.

दुसऱ्यांदा आवाज आला, "सुलोचना हजर आहे का?" हे मात्र त्यांनी ऐकलं. ते लगाम धरून ताठ उभे राहिले. पण लगेच पुढचं आलं, "गैरहजर असल्यामुळे नाव कमी करण्यात येत आहे." काका एकदम लहान दिसायला लागले. लगाम त्यांच्या हातातून खाली लोंबत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि पुष्कळ वाटलं.

काकू कुठं गेल्या हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. एकाएकी लाउडस्पीकर खरखरला आणि त्यातून काकूंचा आवाज आला.

"हॅलो. चालू हाय का? हां. ती गैरहजर नाय. सुलोचना बाहेर उभी हाय, कमानीपाशी. ती आत नाय यायाची, तिला सवय नाय. ज्याला बगायचीय त्यानं बाहेर या." मग जरा थांबून, "पांढरी हाय. तेरा वर्सं काम केलंय तिनं. सुलोचना नाव तिचं. सुलोचना."

माणसं खरंच बाहेर आली. आधी पोरं आली, मग बायका, मग छातीला बिल्ला लावलेले एक म्हातारे परीक्षक आले. त्यांनी तिचे दात पाहिले, गुडघ्यावरून हात फिरवला आणि काकांना काही न विचारता सरळ तिलाच म्हणाले, "बरंय ना, सुलोचनाबाई?" बक्षीस काही मिळालं नाही. मिळण्यासारखं तिच्यात काही उरलंही नव्हतं. काका मात्र माझ्या दंडाला धरून तेच तेच सांगत होते, "जावय, ऐकलंत का? नाव घेतलं तिनं. लग्नात उखाना घ्याया सांगितला तवा घेतलं नव्हतं माजं. आज हिचं घेतलं."

येताना सोफा नव्हता. काकू घोडीच्या शेजारी उभ्या होत्या आणि स्पीडब्रेकर आला की केबिनवर थाप आता त्या मारत होत्या.

सुलोचना आता वरातींना जात नाही. काका तिला संध्याकाळी फिरवून आणतात आणि येताना शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या कमानीपाशी दोघं थांबतात. पूर्वी दोन मिनिटं थांबायचे, हल्ली दहा-पंधरा मिनिटं होतात. मी परवा तिथून जात होतो. घोडी केव्हाच निघायला तयार झाली होती, काकाच तिला धरून उभे होते. थोड्या वेळानं घराच्या ओट्यावरून काकूंची हाक आली, "सुलोचनाऽऽ!" तेव्हा कुठं काकांनी लगाम हलवला. त्यांच्या कानांत कापूस नव्हता.