खुराड्यातला आकाशकंदील

माझ्या मोठ्या नणंदेशी बोलण्यात आजवर कुणी जिंकलेलं नाही. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. देवळ्याला दिलेल्या, अंगणात जन्मभर कोंबड्या, आणि जिभेला हाड म्हणून नाही. मीही काही कमी नाही. बसकंडक्टर म्हणून उभी हयात घालवली, भरल्या गाडीत माणसं सरकवली. त्यामुळे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, आखाजीला, माहेरी, म्हणजे आमच्या इंदिरानगरच्या घरी येताना अक्कांनी डालग्यातून पाच गावठी पिल्लं आणली आणि माझ्या हाती देत म्हणाल्या, "बघ, जमतंय का. तिकीट फाडण्याइतकं सोपं नाय ते," तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

जमवून दाखवायचंच, असं ठरवलं. मागच्या अंगणात जुन्या कपाटाच्या फळ्यांचं, पुढे जाळी लावलेलं खुराडं ठोकून घेतलं. पिल्लं वाढली, पाचही माद्या निघाल्या. दिवाळीपर्यंत तुकतुकीत तलंगा झाल्या. अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीला तलंग म्हणतात, हेही अक्कांनीच शिकवलेलं. पण तलंगांच्या कोंबड्या काही होईनात. खायच्या, माती उकरायच्या, माझी कोथिंबीर फस्त करायच्या आणि झोपायच्या.

भाऊबीजेला अक्का आल्या त्या थेट खुराड्याकडे गेल्या. आत हात फिरवला आणि रिकामा बाहेर काढला. "तुझ्या हाताला गुण नाय. नुसत्या खाऊन माजल्यात. करीला आम्ही येतो, तवा कापून टाकू."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे सामिष शिजतंच. नवऱ्यानं लगेच मान डोलावली. बहिणीपुढे त्याला दुसरं काही येत नाही. पण त्या पाचांतली एक तांबडी रोज माझ्या चहाच्या वेळी पायाशी येऊन बसायची. तिचा रस्सा मी कोणत्या तोंडानं खाणार होते?

मग मी कंबर कसली. शिंपल्यांचा चुरा घातला, बाजरी घातली, कोपऱ्यात मऊ गवत अंथरलं. बघून तरी लाज वाटेल म्हणून दुकानातलं एक अंडं गवतात ठेवलं. ते त्यांनी फोडून खाल्लं.

तोवर थंडी पडली. आमच्याकडची थंडी हाडात शिरते, म्हणून मी खुराड्याला चारी बाजूंनी दुहेरी गोणपाट बांधलं. मुंगसाच्या भीतीनं ऊन चांगलं वर आल्यावर दार उघडायची आणि दुपारचा चहा झाला की कोंडायची. पोटच्या पोरांना इतकं जपलं नव्हतं.

मार्गशीर्ष लागला होता. एका दुपारी, कुठे अंडं दडवलंय का बघावं म्हणून मी अख्खं डोकंच खुराड्यात घातलं. बाहेर लख्ख ऊन आणि आत मिट्ट काळोख. मी तशीच वाकून राहिले. आणि मला माझी संध्याकाळची सटाणा गाडी आठवली. थंडीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये अंधार पडल्यावरही पिवळे दिवे जळत असायचे. मला वाटायचं, चोरांच्या भीतीनं लावतात. तो दिवा चोरांसाठी नव्हता, कोंबड्यांसाठी होता. अंड्यावर यायला कोंबडीला मोठा दिवस लागतो. गावठी कोंबडी मुळातच उशिरा येते, त्यात थंडीचा दिवस आखूड, आणि तोही मी गोणपाटाच्या काळोखात कोंडून सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडून कापून टाकला होता.

गोणपाट वाऱ्याच्या बाजूला तेवढं ठेवलं. माळ्यावरून आकाशकंदील काढला, त्यात पिवळा बल्ब लावला आणि खुराड्यात उजेड पडेल असा जाळीबाहेर टांगला. पहाटे लावायचा, उजाडलं की बंद, आणि दिवस कलला की पुन्हा जेवणापर्यंत.

"काकू, तुळशीचं लग्न केव्हाच लागलं," शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

"माझ्या पोरींची दिवाळी राहिलीय," मी म्हणाले.

नवरा म्हणाला, "अगं, लोक हसतात."

"हसू द्या. करीला तुमच्या ताटात काय पडणार ते तिथं ठरतंय."

जानेवारी उजाडला तसे तुरे लाल व्हायला लागले. तांबडीच्या पाठीवर हात ठेवला की ती पंख पसरून खाली बसायला लागली. अंडं जवळ आल्याची ती खूण. आनंदानं माझी झोप उडाली. भोगीच्या सकाळी मी बाजरीच्या भाकरीवर तीळ लावत होते आणि मागून असा कलकलाट उठला की पिठाचे हात तसेच घेऊन धावले. गवतात एक छोटंसं, मातकट रंगाचं अंडं होतं. गरम. मी ते गालाला लावलं आणि चक्क रडले. संक्रांतीला दुसरीनंही घातलं.

करीला अक्का पदर खोचूनच आल्या. मी म्हटलं, "अक्का, आधी आत हात घाला."

त्यांनी घातला. हात आत थांबला. मग त्यांनी अंडं बाहेर काढलं, उन्हात धरून पाहिलं आणि खोचलेला पदर सोडला.  तो दिवस माझा होता.

जेवायला अंड्यांचा रस्सा केला. घरची पुरेनात म्हणून दुकानातलीही टाकली, पण अक्कांच्या ताटात घरचंच अंडं वाढलं. त्यांनी रस्सा दोनदा घेतला.

निघायच्या वेळी त्या एकट्याच स्वयंपाकघरात आल्या. दार लोटून हळूच म्हणाल्या, "तो दिवा किती वेळ ठेवायचा गं?"

"का हो?"

"माझ्या बी बसल्यात ना. दिवाळीच्या आधीपासून एक अंडं नाय."

म्हणजे भाऊबीजेला माझ्या हाताला नावं ठेवली, तेव्हा यांचंही खुराडं रिकामंच होतं. मला इतका आनंद झाला की तो लपवायचीही मी तसदी घेतली नाही. पाट सरकवला आणि म्हटलं, "बसा अक्का, नीट समजावून सांगते."