कल्ले बघून घेतलेले मासे

मासा घेताना त्याचे कल्ले उघडून बघायचे, हे मला वडिलांनी शिकवले तेव्हा मी त्यांच्या कमरेएवढी होते. पाटीत मांडलेल्या बांगड्याचे गालफड अंगठ्याने वर उचलायचे. आत लालभडक दिसले, की मासा ताजा. फिकट किंवा करडे दिसले, की विकणारीने कितीही शपथा घेतल्या तरी पुढच्या पाटीकडे वळायचे. याशिवाय एक प्रश्न विचारायचा, माल आजचा की कालचा. आजचा असेल तरच पुढचे बोलणे. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, कॉलेजात ते शिकवत निवृत्तही झाले. पण इतकी खात्रीची आणि इतक्या चटकन निकाल देणारी दुसरी चाचणी मला प्रयोगशाळेतही भेटली नाही.

काचेच्या पेटीतल्या माशांविषयी अधिकाराने लिहावे असे माझ्यापाशी काही नाही. साठीनंतर एखाद्या गोष्टीला हात घालणाऱ्या माणसाने फार बोलू नये, असे मला वाटते. तरीही हे लिहिते आहे, कारण त्या पेटीमुळे आमच्या घरात जे घडले ते मला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने जमले नसते.

वडील गावाहून माझ्याकडे आले ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. गिरणी बंद पडल्यावर ते आणि आई मालवणकडच्या आमच्या गावी परतले होते. आई गेल्यानंतर ते तिथे एकटेच राहत. मी मुंबईत, चारकोपला एकटी. आम्हा दोघांच्या एकटेपणात एका रात्रीच्या प्रवासाचे अंतर होते आणि ते कमी करावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते. पण "बाबा, आता इथेच राहा" हे साधे वाक्य माझ्या तोंडून निघत नसे. भरलेल्या वर्गापुढे मी वर्षानुवर्षे बोलले; समोर एकच माणूस असला आणि तो आपला असला, की माझे शब्द आटतात. डॉक्टरांनी डोळा बरा झाल्याचे सांगितले, की ते परत जाणार हे ठरलेले होते. फणसाला कोण बघणार, नारळ कोण पाडणार, असे ते अधूनमधून गावच्या पुतण्याला फोनवर विचारत. त्या प्रत्येक फोननंतर मला वाटे, काहीतरी करायला हवे.

सांगता येत नव्हते म्हणून मी माशांची पेटी आणली. डोळ्यांना नवी दृष्टी येते आहे, तर त्यांच्यासमोर काहीतरी हलते, जिवंत असावे, असा विचार होता. त्यात थोडा स्वार्थही होता. जिवंत प्राणी घरात आला, की त्याला सोडून जाणे जड जाते.

मी आधी अभ्यास केला. तेवढे मला येते. गोल्डफिश घेऊ नये, ते मोठे होतात आणि पाणी फार घाण करतात. एंजलला उंच पेटी लागते. फायटर देखणा, पण त्याला एकटेच ठेवावे लागते, आणि आमच्या घरात एकटे राहणारे पुरेसे होते. शेवटी मी झेब्रा डॅनिओ निवडले: बोटाएवढे, अंगावर निळे-चंदेरी पट्टे, थव्याने राहणारे, मुंबईच्या हवेत तग धरणारे, नवशिक्याला सांभाळून घेणारे. प्रत्येक ठिकाणी हेही लिहिले होते, की नव्या पेटीत लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, आणि तो पचवणारे जिवाणू पेटीत वस्तीला यायला काही आठवडे लागतात. हे मला कळत होते. पण आठवडे माझ्यापाशी नव्हते.

पेटीत नुसतेच पाणी फिरते आहे, हे बघून वडिलांनी विचारले, "ह्यात काय शिजता?"

"मासे ठेवणार आहे, बाबा."

"खावचे?"

"बघायचे."

"बघून प्वाट भरता?" ते म्हणाले, पण दुकानात यायला निघाले तेव्हा डोळ्यावरचा काळा चष्मा दोनदा पुसून घेतला.

दुकान जवळच होते. डॅनिओंच्या दोन टाक्या होत्या. एकीतले मासे खाली, पाणवनस्पतींच्या आड, आपल्यातच गुंतलेले. दुसरीत गर्दी होती, आणि आम्ही पुढे होताच त्यातले बरेचसे वर आले व तोंडे उघडझाप करू लागले. मला स्वतःचेच हसू येते, पण त्या क्षणी मला वाटले, यांनी आपले स्वागत केले. कुठल्याही समारंभात मी कोपऱ्यात उभी राहते; कुणी आपण होऊन पुढे आले, की मी लगेच त्याची होते.

"बघ गो," वडील म्हणाले, "तोंडा वर करून इले. जित्ते मासे."

दुकानदार तरुण होता आणि त्याला घाई होती. "काका, ते नका घेऊ ना. आज सकाळीच आलाय तो माल. इकडचे घ्या, महिनाभर आहेत माझ्याकडे, एकदम सेट."

वडिलांनी माझ्याकडे असे पाहिले, की त्यांना काय म्हणायचे ते मला शब्दांवाचून कळले. समोरचा माणूस ताजा माल लपवतो आहे आणि महिन्याचा जुना गळ्यात मारतो आहे. बाजारात असे कोणी बोलले असते तर आम्ही हसत पुढच्या पाटीकडे गेलो असतो.

"आजचोच दी," वडिलांनी त्याला सांगितले.

"काका, तुमची मर्जी. पण हे पाळायचे आहेत, तळायचे नाहीत."

"माका शिकवतंस?" वडिलांनी काचेला नाक लावले. शस्त्रक्रिया झालेला डोळा बारीक करून त्यांनी एकेका माशाच्या गालामागे पाहिले आणि मला जवळ बोलावले. "कल्ले बघ. कसे तांबडेलाल!"

मीही पाहिले. चंदेरी अंगावर गालांमागे खरोखरच लाल रेघा उठून दिसत होत्या. दुकानदार सुचवत होता त्या टाकीतल्या माशांचे कल्ले झाकलेले, कसलाच रंग न सांगणारे. वाचलेले सगळे त्या क्षणी माझ्या डोक्यातून निघून गेले, आणि वडिलांच्या कमरेएवढी असताना शिकलेले तेवढे राहिले. आम्ही लाल कल्ल्यांचे मासे निवडून निवडून घेतले. परतताना पिशवी वडिलांनी धरली होती, आणि रस्त्यात ओळखीच्या बाई भेटल्या तेव्हा त्यांनी ती उंच करून दाखवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मासा तळाशी आडवा पडलेला दिसला. पुढच्या दिवसांत बाकीचेही जाऊ लागले. ते आधी वर येत, तोंड उघडझाप करत, मग एकीकडे कलत. वडील मेलेला मासा जाळीने काढून तुळशीच्या कुंडीत पुरत. प्रत्येक वेळी त्यांचे बोलणे थोडे कमी होई. अखेरीस दोनच मासे उरले तेव्हा ते पेटीकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "माका घराक जावचा आसा. हयसर काय जगना नाय."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती.

पेटी आणताना पाणी तपासायचे साहित्य आणले होते, ते मी उघडलेसुद्धा नव्हते. त्या दुपारी उघडले. परीक्षानळीत थेंब टाकले आणि पाणी गडद हिरवे झाले. रंग बदलणाऱ्या नळ्या विद्यार्थ्यांना दाखवण्यात माझी सगळी नोकरी सरली. पण आपल्याच घरातली नळी रंग बदलते, तेव्हा तो रंग निराळा दिसतो. अमोनिया. मग मी पुन्हा वाचायला बसले आणि जे आधीच वाचायला हवे होते ते सापडले. जिवंत माशाचे कल्ले लाल, सुजल्यासारखे दिसले, तर ती प्रकृतीची खूण नव्हे. गढूळ, विषारी पाण्याने ते पोळलेले असतात. लांबच्या प्रवासात पिशवीत कोंडलेल्या माशांचे तसे होते. म्हणूनच आज आलेला माल आज घेऊ नये. आणि पाण्याच्या वर येऊन तोंड उघडणारा मासा कोणाला बघायला येत नसतो. त्याला खाली श्वास मिळत नसतो.

आम्ही आजारी मासे पारखून घेतले होते, आणि मी ते कच्च्या पाण्यात सोडले होते.

वडील गॅलरीत, जाळीला तोंड लावून उभे होते. हा त्यांचा रोजचा परिपाठ होता, सकाळी आणि संध्याकाळी ते असे उभे राहत, आणि गावच्या चुलतभावाचा फोन आला, की मी सांगे, "मजेत आहेत, गॅलरीतून सगळी कॉलनी बघत असतात." मी त्यांच्याजवळ गेले आणि कल्ल्यांचे सगळे सांगितले. वर्गात सांगावे तसेच क्रमाने सांगितले. मला दुसरी रीत येत नाही.

मग त्यांनी विचारले, "म्हंजे ते माका बघून वर येय नव्हते?"

"नाही, बाबा."

"गुदमारत व्हते."

"हो."

"आमची परीक्षा मेल्या माशाची," ते म्हणाले. "जित्त्याची आमका कोणी शिकवकच नाय." नंतर थोडे हसून, "पण तू गो? तू तर कॉलेजात शिकवलंस. तू पण फसलंस मगे."

"तुम्हीच म्हणालात कल्ले बघ."

"मी काय, मी सांगतलंय. तू आयकलंस कित्याक?"

ते पुन्हा जाळीकडे वळले. कपाळ लोखंडाला टेकले, तोंड किंचित उघडे. मी त्यांना असे रोज पाहिले होते. ते जे वाढेन ते खात, कशालाच नाही म्हणत नसत, आणि मी त्यावरून ठरवले होते, की ते रुळले. डोळ्याची काळजी म्हणून मी त्यांना एकट्याने जिना उतरू देत नव्हते, भाजी निवडू देत नव्हते, साधा पेलासुद्धा विसळू देत नव्हते. एखाद्या पाहुण्यासारखे मी त्यांना नितळ काचेमागे ठेवले होते.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्हाला इथे गुदमरते का?"

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होते. ती सुरू होईपर्यंत ते थांबले.

"थोडा," ते म्हणाले.

तेव्हा मी म्हणू शकले असते, की मग जा. किंवा म्हणू शकले असते, की जाऊ नका. त्याऐवजी माझ्या तोंडून निघाले, "पेटीतले पाणी बदलायला हवे. मला एकटीला जमणार नाही."

सगळे पाणी एकदम बदलायचे नसते. एकदम बदलले तर मासे त्या धक्क्यानेच दगावतात. रोज थोडे काढायचे, आणि क्लोरीन निघून जावे म्हणून आदल्या दिवसापासून बादलीत मुरवलेले तेवढेच थोडे घालायचे. बादली मी उचलायची आणि नळी त्यांनी धरायची, असे आम्ही ठरवले. ते आयुष्यभर गिरणीत साचेखात्यात, विणकामावर होते. पेटीसमोर ते पाठीमागे हात बांधून उभे राहत, तसेच ते मागावर उभे राहत असतील. उरलेल्या दोघांना काय हवे ते मला पुस्तकातून कळे. आज कोणता मासा मागे राहतो आहे, कोण कोपरा सोडत नाही, हे ते बघून सांगत. कधी बरोबर, कधी साफ चुकीचे. एकदा त्यांनी एक मासा मरणार म्हणून जाहीर केले आणि तोच दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला पेटीभर पळवत होता. "नाटक करत व्हतो," ते म्हणाले.

मी दुकानात जाऊन त्या तरुणाला घडलेले सांगितले. "बोललो होतो ना, मॅडम," एवढेच म्हणून त्याने आपल्या जुन्या टाकीतला, वापरून मळलेला स्पंज मला दिला. त्यात जिवाणू असतात. तो आमच्या फिल्टरमध्ये बसवला, की वस्ती लवकर होते. इतकी घाणेरडी वस्तू मी इतक्या जपून कधी घरी आणली नव्हती.

त्याच सुमारास रविवारी सकाळी वडील पिशवी घेऊन दाराशी उभे राहिले. "बाजारात जातंय," ते म्हणाले. मी बरोबर येऊ का, हे ओठांवर आले होते. मी दार उघडून दिले. ते तासाभराने बांगडे घेऊन आले, कल्ले उघडून बघितलेले, आणि ओट्याशी उभे राहून त्यांनी ते स्वतः साफ केले. पेटीतल्या दोघांना ते दिसू नयेत म्हणून बहुधा, ते पाठमोरे उभे होते.

डॉक्टरांनी डोळा ठीक असल्याचे सांगितले. परत आल्यावर आम्ही दोघेही त्याविषयी बोललो नाही. मी परीक्षानळीत थेंब टाकले. पाणी आता गडद हिरवे होत नव्हते, पिवळ्याकडे झुकत होते, पण पूर्ण पिवळे नव्हते. थवा पुरा करायला आणखी मासे आणायचे होते, या वेळी त्या पहिल्या टाकीतले, खाली आपल्यातच गुंतलेले. पण इतक्यात नाही.

मी स्वयंपाकघरात वाटण लावत होते, तेव्हा गावाहून पुतण्याचा फोन आला. मी मिक्सर बंद केला.

"नाय रे, इतक्यात येणा जमाचा नाय," वडील पेटीसमोर उभे राहून सांगत होते. "हयसर पाणी अजून तयार जावक नाय. तू नारळ पाडून घे."