फाटकावरची पोरं

ओट्मार ब्रुकमायर आमच्या गावचा न्हावी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वसंतात तो सोळा वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या वर्गमित्रांना शाळेतून उचललं, ढगळ गणवेश चढवले आणि अमेरिकन रणगाडे अडवायला रेल्वे फाटकावर बसवलं. एका दुपारीत सगळं आटोपलं. परत आला तो एकटा ओट्मार.

पुढं त्यानं बापाचं दुकान चालवलं. त्या दुपारबद्दल तो कधी बोलला नाही आणि आम्हीही विचारलं नाही. सगळ्यांनाच विसरायचं होतं.

बऱ्याच वर्षांनी म्युनिकहून सिनेमावाले आले. असल्याच पोरसवदा सैनिकांवर सिनेमा काढत होते. नटांचे केस लष्करी पद्धतीनं कापायचं काम ओट्मारकडे आलं. शाळकरी वयाची पोरं ती, एकमेकांच्या भादरलेल्या डोक्यावर टपल्या मारत होती. एकानं कपाळावरचा कोंबडा वाचवायला फार गयावया केली.

"ठेवा ना थोडा, काका. पोरी ओळखायच्या नाहीत मला."

ओट्मारनं कात्री चालवली. नंतर आठवडाभर दुकान बंद. कंबर धरलीय, म्हणाला.

सिनेमा गावात लागला तेव्हा तो गेला नाही. वालबुर्गाकाकू मात्र गेल्या. त्यांचा धाकटा, लेनी, त्याच फाटकावर मारला गेला होता. दुसऱ्या दिवशी मी तोंडाला साबण लावून ओट्मारच्या खुर्चीत बसलो होतो, तेवढ्यात काकू आल्या. कोटही न काढता बाकावर टेकल्या.

"सिनेमातलं पोर मरताना फार वेळ ओरडत होतं," त्या म्हणाल्या. "आमचा लेनीही ओरडला का रे?"

ओट्मारनं वस्तरा खाली ठेवला.

"नाही, काकू. त्राणच नव्हतं. पाणी मागत होता. माझ्याकडे नव्हतं."

"पण तू होतास ना जवळ?"

"शेवटपर्यंत होतो."

काकू रडल्या नाहीत. इतकी वर्षं का सांगितलं नाहीस, असंही त्यांनी विचारलं नाही. रविवारी जेवायला ये म्हणाल्या आणि गेल्या.

ओट्मारनं माझी दाढी पुरी केली. मग त्याच बाकावर बसला. "दमलो बघ," म्हणाला.

रविवारी तो गेला. काकूंनी भाजलेलं डुकराचं मांस आणि बटाट्याचे गोळे वाढले. जेवण झाल्यावर तो बसल्या जागीच कोचावर झोपला, तो अंधार पडेपर्यंत. काकूंनी त्याला उठवलं नाही.